रोज पाऊण तास पुढे

आमची पोर दीड वर्षाची होईपर्यंत अशी झोपायची की शेजारणी हेवा करायच्या. त्यांचीच नजर लागली असणार, असं मी त्या दिवसांत खरोखर म्हणत असे, आणि मी काही नजर-बिजर मानणारा माणूस नाही. पण झोप न मिळालेला माणूस काहीही मानतो. त्याला कोणी सांगितलं की उशाला बोंबील ठेव, तर तो विचारतो, सुका की ओला.

आम्ही पाचूबंदरला राहतो. घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली आणि मधे लाकडी जिना. वर मी, बायको आणि पोर. खाली माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली. वडील चाळीस वर्षं समुद्रावर होते, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांचे गुडघे गेले आणि मी तर समुद्रावर कधी गेलोच नाही, वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर झालो, म्हणून दोन वर्षांपूर्वी होडी विकली. बायको नंदाखालची, केळी-नारळाच्या वाडीत वाढलेली. वसईत एका शाळेत शिकवते. पोर झाल्यावर तिने रजा ताणत ताणत दीड वर्ष काढलं, आणि नाताळची सुट्टी संपली तशी ती परत शाळेत जायला लागली. सकाळपासून दुपारपर्यंत पोर आजाकडे राहू लागली. त्याच आठवड्यात आमच्या झोपेचे तीन तेरा वाजले.

पोर रात्री उठायची. उठायची म्हणजे कुशीवर वळून कुरकुरणं नव्हे. ताडकन उठून बसायची, डोळे टक्क उघडे, आणि जिन्याकडे बोट दाखवून रडायला सुरुवात. घेतलं तरी रडायची, ठेवलं तरी रडायची. मी खांद्यावर घेऊन वरच्या खोलीत येरझारा घालायचो. खोली केवढी, तर सहा पावलं गेलं की कपाट. सहा पावलं, कपाट, सहा पावलं, खिडकी. ती माझ्या कानात ओरडायची, "आजा ग्येला, आजा ग्येला." आणि मी दात ओठ खात म्हणायचो, "आजा झोपलाय गो बाय, तू पण झोप." रोज रात्री हेच. शेवटी मी शब्द तेच ठेवून आवाज चढवायला लागलो.

मग साधारण अर्ध्या तासाने ती अचानक गप्प व्हायची. मान खांद्यावर टाकायची आणि मेल्यासारखी झोपायची. बटण बंद करावं तशी.

या अर्ध्या तासाने आमचा फार घात केला. कारण त्या क्षणी आम्ही जे काही करत असू, त्याला श्रेय मिळायचं. एका रात्री बायकोने बडीशेपेचं पाणी पाजलं आणि पोर झोपली. झालं, घरात बडीशेप किलोने आली. दुसऱ्या रात्री बडीशेपेने काही झालं नाही, पण तळपायाला खोबरेल चोळताना झोपली. मग खोबरेल. मग पंखा दोनवर. मग पंखा बंद. मग मी म्हटलेलं चर्चमधलं एक गाणं, जे मला धड येतही नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा महिनाभर उद्योग चालला होता, आणि प्रत्येक मलम एकदा तरी लागू पडत होतं. त्यामुळे सोडवतही नव्हतं.

डॉक्टरकडे नेली. त्यांनी कान पाहिले, घसा पाहिला, आई कामावर जायला लागली की मुलं असं करतात म्हणाले. "फेज आहे, जाईल." मी टर्नर माणूस. आमच्याकडे एक फेज गेला की मोटर घुरघुरते आणि जळते. मी ते बोललो नाही, पण बायकोचा चेहरा पडला, कारण दोष सरळ तिच्या नोकरीवर आला होता. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, तुझी चूक नाही. ती म्हणाली, मग तू असा का बघतोस माझ्याकडे. मी कसा बघत होतो ते मला माहीत नाही. डोळे उघडे ठेवायची मारामार असलेला माणूस कसाही बघतो.

शेजारच्या मावशी, ज्या बाजारात मासळी विकतात, त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि बजावलं की अमावास्येला पोरीला जपा, त्या रात्री पोरं जास्त रडतात. आमची पोर अमावास्येला घोरत पडली. पौर्णिमेलाही तेच. त्या सुमाराला पाच-सहा रात्री अशा सुखाच्या गेल्या की आम्ही दोघं एकमेकांशी पुन्हा माणसासारखं बोलायला लागलो. फेज गेली, असं मी वर्कशॉपमध्ये जाहीर केलं. सहाव्या की सातव्या रात्री दहाला पोर उठून बसली, जिन्याकडे बोट, "आजा ग्येला."

ती निराशा मी कोणाला सांगू शकणार नाही. वाईट रात्र परवडते. पण सुटलो असं वाटून परत सापडणं परवडत नाही. त्या रात्री मी पोरीला गादीवर जरा जोरात ठेवली. आपटली नाही. पण ठेवली असंही म्हणता येणार नाही. ती दचकून क्षणभर गप्प झाली आणि माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा रडू लागली, या वेळी माझ्यामुळे. बायकोने तिला उचललं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होणार होता. आमच्यात त्या दिवसांत लोक मटण सोडतात, दारू सोडतात. बायको म्हणाली, "तू या वेळी राग सोड."

मी हो म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात कामावर माती खाल्ली.

लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, ज्या पकडीत धरतात तिला चक म्हणतात. चक आवळायला एक जाड चावी असते. आवळून झालं की चावी काढायची आणि मगच मशीन चालू करायचं. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, कारण चावी राहिली तर ती गोळीसारखी सुटते. चौदा वर्षं लेथवर काढलेल्या मी त्या दिवशी चावी चकातच ठेवली आणि बटण दाबलं. चावी माझ्या कानाजवळून गेली आणि पाण्याच्या स्टीलच्या पिंपावर बसली. पिंपाला हाताची मूठ बसेल एवढा खड्डा पडला. त्या पिंपापाशी दोन मिनिटांपूर्वी एक जण पाणी पीत उभा होता.

सुपरवायझर ओरडला नाही. त्याने मशीनचा मेन बंद केला आणि मला लेथवरून काढून टेबलावर बसवलं, कानशीने कडा घासायला. महिनाभर बघतो म्हणाला. सुधारलास तर लेथ, नाहीतर दुसरीकडे काम बघ, माझ्या शेडमध्ये मला कोणाचा जीव गेलेला नको. त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. कानशी घासणं हे काम आमच्याकडे नवीन आलेल्याला देतात.

घरी मी एवढंच सांगितलं की झोप हवी, काहीही करून. बायकोने मग पोरीला घेऊन चार दिवस नंदाखालला जायचं ठरवलं. निदान तू तरी झोप, म्हणाली. आणि तिकडे पोर काय झोपली म्हणता! संध्याकाळी आठला जी आडवी पडायची ती सकाळी कोंबडा आरवला तरी उठायची नाही. सासूबाईंचा फोन आला. आमच्याकडे हवा चांगली आहे, म्हणाल्या. बंदरावर तो सुक्या मासळीचा वास, बोटींची इंजिनं, लेकराला झोप कशी लागणार. मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर खाली येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आपुन काय झोपलो नाय का मग एवडी वरसं?"

त्या चार रात्री मी मात्र झोपलो. पाचव्या दिवशी पोर परत आली आणि त्याच रात्री सव्वाला उठली.

तेव्हा मी नोंद ठेवायला लागलो. वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड असतं, त्यावर प्रत्येक तुकड्याचं माप लिहितात. एका जॉबकार्डाच्या पाठीमागे मी पोरीच्या उठण्याची वेळ, झोपण्याची वेळ आणि मधे काय काय केलं ते लिहू लागलो. बायकोने डोक्याला हात लावला. पोर आहे, नट-बोल्ट नाही, म्हणाली. पण मला दुसरं काही येत नव्हतं. नंदाखालला जाण्याआधीच्या खेपेच्या रात्री तिला शाळेच्या वहीतल्या तारखांवरून आठवत होत्या, त्याही मी लिहून घेतल्या.

दोन आठवड्यांनी दुपारी डबा खाऊन टेबलावर बसलो होतो. समोर घासायला आलेल्या तुकड्यांचा ढीग होता आणि शेजारी ते कार्ड. लेथचा एक साधा नियम आहे. मापं वेडीवाकडी चुकत असतील तर कामगार झोपेत आहे. पण प्रत्येक तुकडा सारख्याच फरकाने चुकत असेल, तर कुठेतरी सेटिंग हललेली आहे. मी कार्डाकडे तसं बघितलं. दहा वाजून दहा. अकरा. अकरा पन्नास. बारा पस्तीस. सव्वा. दोन वाजून दहा. तीन. चार वाजायला दहा. पाच वाजायला वीस. मग पाच-सहा रात्री काही नाही. मग पुन्हा दहा.

रोज पाऊण तास पुढे. पाऊण तासाला थोडं वर.

हातातली कानशी मी खाली ठेवली. हे गणित मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोळ्याच्या घरात पोर अंक शिकण्याआधी हे शिकतं. पाणी रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. आमच्या घरात येशूच्या तसबिरीखाली तिथीचं कॅलेंडर लटकतं ते याचसाठी. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला संपते, अष्टमीला दुपारी आणि रात्री बाराच्या. पोर अमावास्येला का घोरत होती ते मावशींना कळलं नव्हतं, ठीक आहे. मला कळू नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

पण त्या दुपारी मला लाज वाटली नाही, अंगावर काटा आला. आमची पोर पाण्याबरोबर उठत होती. ओहोटी संपून पाणी फिरतं, बरोबर त्या वेळेला. मी समुद्र सोडला, होडी विकली, आणि रक्त माझ्या डोक्यावरून उडी मारून पोरीत उतरलं होतं. वालीवहून बाइकवर येताना मी पूर्ण रस्ताभर या विचाराने भारावून गेलो होतो. एकदा डोळेही भरून आले, ते धुळीमुळे असतील.

बायको वह्या तपासत बसली होती. मी तिला कार्ड दाखवलं, गणित समजावलं, रक्ताचं सांगितलं. तिने लाल पेनचं टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं, "मग नंदाखालला का नाही उठली? तिथे ओहोटी येत नाही?"

मास्तरणीशी लग्न केल्याचे हे तोटे.

त्या रात्री ओहोटी पावणेतीनच्या सुमाराला संपणार होती. आम्ही अडीचचा गजर लावला आणि दोघं अंधारात पोरीच्या दोन बाजूंना डोळे उघडे ठेवून पडून राहिलो. पोर गाढ झोपली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आतून काही हलतंय का म्हणून. पंखा फिरत होता. बंदराकडून एका बोटीचं इंजिन ऐकू आलं, पोर हलली नाही. कुठेतरी कुत्री भुंकली, पोर हलली नाही. आणि मग खाली कडी वाजली.

आमच्या खालच्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे. ती काढली की आधी कुरकुरते आणि मग दारावर आपटते. टण्ण. मोठा नाही, पण धातूचा आवाज. पोरीने डोळे उघडले. उठून बसली. जिन्याकडे बोट केलं.

"आजा ग्येला," ती म्हणाली.

मी खिडकीतून खाली बघितलं. गल्लीतून माझे वडील पांढऱ्या बनियनवर शर्ट अडकवून, हातात बॅटरी घेऊन, लंगडत बंदराकडे चालले होते.

पुढचं सगळं आम्हाला तिथेच, पोर रडत असताना कळलं. वडिलांची जाळी ओहोटी संपता संपता वर यायची. चाळीस वर्षं त्या वेळेला ते जागे होते, दिवस असो की रात्र. होडी गेली, गुडघे गेले, पण ती वेळ झाली की त्यांना जाग यायची, आणि जाग आली की ते धक्क्यावर जाऊन पाणी बघून यायचे. जायला-यायला अर्धा तास. मी जन्मल्यापासून ती कडी ऐकत होतो, म्हणून मला ती ऐकूच येत नव्हती. बायकोची झोप जड. पण जानेवारीपासून पोर आजाकडे होती, आणि दिवसाची ओहोटी संपली की आजा तिला कडेवर घेऊन बोटी दाखवायला न्यायचे. कडी वाजली म्हणजे आजा बोटी बघायला निघाला, एवढं ती शिकली होती. रात्री कडी वाजायची आणि आजा तिला न घेता जायचा. ती आम्हाला ते सरळ शब्दांत सांगत होती. आणि आम्ही दोन शिकलेली माणसं तिला रोज सांगत होतो की आजा झोपलाय.

अर्ध्या तासाने कडी पुन्हा वाजली. आजा परत. पोरीने मान खांद्यावर टाकली आणि झोपली. बडीशेप नाही, खोबरेल नाही.

आता इथे मी हसायला हवं होतं. बायको हसली, तोंडात पदर कोंबून हसली. माझं मात्र डोकं फिरलं. अडीच महिने! चावी कानाजवळून गेली होती, मी टेबलावर बसून शिकाऊ पोरांची कामं करत होतो, पोरीला गादीवर तशी ठेवली होती, आणि कशासाठी, तर एक म्हातारा माणूस विकलेल्या होडीचं पाणी बघायला जातो म्हणून. सकाळी चहा प्यायच्या आधीच मी खाली गेलो. आमच्यात बापाला तू म्हणतात, आणि भांडताना ते बरं पडतं. जे आलं ते बोललो. रात्री धक्क्यावर पडलास तर उचलायला कोण येणार, हेही बोललो, पण ते उगाच होतं, काळजी दाखवायला. खरं ते शेवटी बाहेर आलं.

"होडी इकून दोन वरसं झाली, पप्पा. काय बघायला जातोस तू?"

ते चहात पाव बुडवत होते. पाव चहात विरघळून पडला तरी त्यांनी बघितलं नाही.

"होडी इकली," ते म्हणाले. "पानी नाय इकलं."

त्या संध्याकाळी येताना मी कुलूप आणलं आणि रात्री जेवण झाल्यावर खालच्या दाराला आतून लावलं. चावी वर, माझ्या उशाखाली. वडील खाटेवर बसून बघत होते. पोरीला यांच्यामुळे जाग येते हे ऐकल्यापासून ते तसे गप्पच होते. बायकोने मात्र जिन्यावरच मला अडवलं आणि विचारलं, "कुलूप कोणाला लावलंस, दाराला की त्यांना?" मी म्हटलं, मला नोकरी टिकवायची आहे.

पोर झोपली. पहिली रात्र, दुसरी रात्र, दोन्ही रात्री वेळेला न उठता सकाळपर्यंत. हरल्यासारखं नाही, जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. कामावर माझे हात सरळ चालायला लागले.

तिसऱ्या रात्री मला जाग आली. पोर शांत होती. पाच वाजत आले होते. का कोण जाणे, मी जिन्यावर आलो आणि अर्ध्यात थांबलो. खाली वडील दारापाशी उभे होते. शर्ट घातलेला, बॅटरी हातात, पण पेटवलेली नाही. एक हात कडीवर ठेवला होता. ती उचलत नव्हते, ओढत नव्हते, कुलपाला हातही लावत नव्हते. नुसता हात ठेवून उभे होते, जणू पलीकडे कोणीतरी झोपलेलं आहे आणि त्याला उठवायचं नाही. मी किती वेळ बघत राहिलो ठाऊक नाही. मग जिन्याची फळी वाजली आणि त्यांनी वर बघितलं. चोरी पकडल्यासारखा त्यांनी कडीवरचा हात काढला.

"झोपतो, झोपतो," ते म्हणाले, आणि खरंच जाऊन खाटेवर आडवे झाले, शर्टासकट, भिंतीकडे तोंड करून. ज्याच्या एका आवाजावर सहा खलाशी जाळं ओढायचे तो माझा बाप माझ्या एका नजरेवर लहान पोरासारखा झोपायला गेला. मी वर येऊन उशाखालची चावी हातात घेऊन सकाळपर्यंत बसून राहिलो. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

सकाळी कुलूप काढलं. पण नुसतं कुलूप काढून पोर झोपणार नव्हती, आणि माझा महिना अजून संपला नव्हता. दुपारच्या सुट्टीत मी सुपरवायझरकडे गेलो आणि सगळं सांगितलं, ओहोटीपासून कडीपर्यंत. हा माणूस भुसावळकडचा, समुद्राशी त्याचा संबंध खाण्यापुरता. त्याने निम्म्या गोष्टीवर विश्वास ठेवला नसावा. पण कडी वाजू नये असं काय करता येईल, हा प्रश्न त्याला समजला. भंगारातला पितळेचा एक दांडा त्याने स्वतः शोधून दिला, आणि सुट्टीपुरता लेथही दिला. बाजूला हाताची घडी घालून उभा राहिला, मी चावी काढतो की नाही ते बघत.

दांडा गुळगुळीत केला, त्याला आत सरकायला नायलॉनची नळी बसवली, टोकाला रबर. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जुनी कडी काढून तो बसवला. वडिलांना बोलावून म्हटलं, बघ. त्यांनी तो दहा-बारा वेळा सरकवला, कान जवळ नेऊन. बिजागरीलाही मी ग्रीस भरलं होतं. दार उघडलं, लावलं. काही आवाज नाही.

"लागली का नाय ते हाताला पन कलत नाय," ते म्हणाले. त्यांना आवडलं की नाही ते काही मला कळलं नाही.

पोर झोपायला लागली ती आजतागायत झोपते आहे. महिना भरल्यावर मला लेथ परत मिळाला. बायको झोपते. ती तर कधीही झोपते. वडील वेळेला उठतात, पाणी बघून येतात. घरात आता फक्त एकच माणूस जागा असतो.

कारण कडी आता वाजत नाही. वडील गेलेलेही कळत नाहीत आणि आलेलेही. मी लहान असताना वडील अवेळी जायचे तेव्हा आई ते परत आल्याच्या दुसऱ्या आवाजापर्यंत जागी असायची आणि तो आला की लगेच तिचं घोरणं सुरू व्हायचं. मीही तिच्या बाजूला तसाच पडून असायचो, हे मी साफ विसरलो होतो. आता ओहोटीची वेळ झाली की मला आपोआप जाग येते, आणि मग पडल्या पडल्या हिशेब सुरू. गेला असेल. धक्क्यावर शेवाळ आहे. गुडघा. आला असेल का? पंधरा-वीस रात्री असं चाललं. मला झोप नाही ती नाहीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कोणावर? कडी मीच बनवली होती.

शेवटी एका रात्री राहवलं नाही. खाली येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. खाट रिकामी होती. बऱ्याच वेळाने दार अलगद उघडलं आणि वडील आत आले. पाय झाडले, दांडा सरकवला आणि वळून मला बघितलं.

"पोर उठली?"

"नाय."

"मंग तू कनाला उठलास?"

काय सांगणार. "पानी प्यायला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मी वर गेलो.

दुसऱ्या रात्री मी वेळेला जागा झालो आणि पडून राहिलो. अर्धा तास गेला असेल. मग खालून जिन्याच्या कठड्यावर बोटाने दोनदा वाजलं, अगदी हलकं. पोर हलली नाही. तेव्हापासून ते रोज आत आले की तसं वाजवतात. मग मी झोपतो.